तातेराव मास्तरांचे पिवळे हात

तातेराव मास्तरांना भिण्यासाठी कारण लागत नसे. कारण मिळालं तर उलट ते थोडे सावरत. निदान कशाला भ्यायचं ते तरी कळायचं. वसमतच्या सरकारी शाळेत ते हिसाब शिकवत. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर टोपी, आणि शेरवानीच्या आत चिमणीएवढं काळीज. पोस्टमन दारावरून पुढं निघून गेला तरी ते काळीज धडधडायचं, की हा थांबला असता तर काय घेऊन आला असता? अशा माणसाच्या घरी, माघ महिन्यात, शिवारात ओल्या हळदीची खणणी चालू असताना, एक भलंमोठं लाकडी खोकं आलं.

खोक्याबरोबर त्यांचा मेहुणा रामकिशन आला होता. मंजुळाबाईंचा हा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून मंजुळाबाईंनीच त्याला कडेवर वाढवलेला. आता तो हैदराबादेला विद्यापीठाच्या रसायनशाळेत कामाला होता. मास्तर त्याला उतरवून घ्यायला स्टेशनावर गेले, तेव्हा खोक्याच्या फटीतून तांब्याची एक नळी मान बाहेर काढून बघत होती.

"काय रे हे?" मास्तरांनी विचारलं.

"दाजी, हळू. घरी सांगतो. इथं कोणाला एक शब्द बोलू नका."

एवढं बोलणं मास्तरांच्या काळजाला पुरलं. त्यात भर म्हणजे फाटकापाशी आबकारीचा जवान फुलसिंग उभा होता. चोरून दारू गाळणाऱ्यांना हुडकायचं, हे त्याचं काम. त्यानं नळीकडं पाहिलं, मग मास्तरांकडं पाहिलं.

"क्या माल है, मास्तरसाब?"

मास्तरांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाही निघाल्यावरच कळलं. "देवघराचं सामान."

"नळी असलेला देव?" फुलसिंग मिशीत हसला. "बराबर हाय. जावा."

घरी आल्यावर दार लावून, खिडकी लावून, वर खिडकीला घोंगडं लावून रामकिशननं खोकं उघडलं. आतून निघालं एक तांब्याचं बंद भांडं. तीन पायांवर उभं, पोट सुटलेलं, डोक्यावर घट्ट झाकण आणि झाकणावर ती नळी. नळीच्या टोकाला एक छोटं वजन बसवलेलं.

"शेतकरी हळद कशी शिजवतो?" रामकिशन सांगू लागला. "मोठ्या कढईत, सकाळपासून सांजेपर्यंत. लाकडं जळतात. बुडाची हळद लगदा होते, वरची कच्ची राहते. ह्यात तसं न्हाई. खाली पाणी, मधे जाळी, वर हळद. वाफ आत कोंडते आणि सगळी हळद सारखी शिजते, रंग बी उतरत न्हाई. लई झाली वाफ की हे वजन उचलतं आन् जादाची बाहेर जाते."

"मग लपवायचं काहून?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"सनदेसाठी, अक्का. नवी युक्ती ज्यानं काढली त्याच्या नावावर सरकारात तिची नोंद होते. पेटंट म्हणतात त्याला. आमच्या विद्यापीठात सध्या सगळ्यांना तेच वेड. एकानं एरंडीचं तेल साफ करायची रीत काढली, एकानं विटांची नवी भट्टी काढली. पण अर्ज दाखल व्हायच्या आधी युक्ती लोकांत फुटली, तर ती नवी ऱ्हात न्हाई. मग सनद बी न्हाई. विहिरीचा पंप काढलेला एक जण होता. त्याचं काम असंच गेलं. सासऱ्यानं बाजारात बोलून टाकलं."

"सासऱ्यानं?" मास्तरांना जरा बरं वाटलं. सासरा म्हणजे वेगळा माणूस.

"दाजी असता तरी तेच झालं असतं," रामकिशन म्हणाला.

मास्तरांचं बरं वाटणं तिथंच संपलं.

रामकिशनची अडचण अशी होती की ओली हळद हैदराबादेत मिळत नव्हती, आणि ओल्या हळदीवर चालवून पाहिल्याशिवाय अर्ज करता येत नव्हता. त्यानं दोन दिवस मंद आचेवर नुसतं पाणी ठेवून भांडं चालवून दाखवलं आणि हळद शिजवण्या-वाळवण्याची कामगिरी दाजींवर सोपवली. गाडीत चढताना त्यानं मास्तरांचा हात धरला. "ह्या अर्जावर माझी जागा हाय, दाजी. दाखल झाला तर विद्यापीठात कायम होतो. फुटलं तर गावाकडं परत. मी येऊन सांगेपर्यंत कोणाची नजर पडू देऊ नका."

गाडी गेली. मंजुळाबाई वाकलेल्या सिग्नलकडं बघत राहिल्या. मास्तरांना वाटलं, आपल्या पोटात कुणी खोकं उतरवून ठेवलं आहे आणि त्याची पावती आपल्याच नावावर फाडली आहे.

आता वसमतेत गुपित ठेवणं म्हणजे काय, हे तिथं राहणाऱ्यालाच कळेल. त्या गावात कुणाच्या घरी आज वरण की आमटी हे फोडणीच्या आवाजावरून चार घरांना कळे. तिथं मास्तरांनी शेजारच्या सखुबाईंकडून गोणीभर ओली हळद घेतली. सखुबाईंचा हळदीचा मळा होता, तोंडात ओव्यांचा मळा होता, आणि दोन्हींना बारा महिने पाणी होतं.

"मास्तर, शेत न्हाई तुमाला. गोणीभर वली हळद कशाला?"

"लोणच्याला," मास्तर म्हणाले.

"गोणीभर लोणचं?" सखुबाईंनी पदर सावरला. "दोघं तर मानसं घरात."

मास्तरांनी गोणी ओढत घराची वाट धरली. पण सखुबाईंना गप्प माणूस दिसला की त्यांना तो उघड्या पुस्तकासारखा वाटे, आणि वाचता येत नसल्यामुळं त्या त्यात हवं ते वाचत.

ओव्यांचंही मास्तरांना भय होतं. एखादी गोष्ट सखुबाईंच्या जात्यावर ओवीत गेली की पुढच्या बाजाराला ती औंढ्यात ऐकू येई आणि त्याच्या पुढच्याला शिरड शहापुरात. सरकारी दवंडी गल्लीच्या तोंडाशी थांबे. ओवी थेट चुलीपर्यंत जाई. भांड्याचं वर्णन एकदा जात्यावर चढलं, तर रामकिशनच्या अर्जात नवं म्हणून काय उरणार होतं?

मागच्या खोलीत, घोंगड्याच्या अंधारात, मास्तरांनी पहिल्यांदा एकट्यानं भांडं पेटवलं. वाफ भरली. आधी भांडं गुणगुणलं, मग कण्हू लागलं, आणि मग ते नळीवरचं वजन उचललं गेलं. असा काही आवाज झाला की गोठ्यातली शेळी दावं तोडून पळाली. मास्तरांनाही पळायचं होतं, पण गुपित आत होतं. ते धावत देवघरात गेले, शंख उचलला आणि शिट्टी थांबेपर्यंत फुंकत राहिले. फुंकता फुंकता डोळ्यांपुढं अंधारी आली. मनात म्हणाले, देवघराचं सामान म्हणून सांगितलंच आहे, निदान तेवढं तरी खरं होऊ दे.

त्या दिवसापासून मास्तरांच्या घरी वेळी-अवेळी शंख वाजू लागला. भिंतीपलीकडं कापडवाले बद्रुद्दीन राहत. भला माणूस, पण कानाचा फार जागा. त्यांनी मास्तरांना दुकानापाशी थांबवलं.

"मास्तर, भाई म्हणून बोलतो, राग मानू नका. तुमच्या घरातून रोज बाईमाणूस किंचाळल्याचा आवाज येऊन राहिला."

"तो शंख हाय."

"किंचाळणं आधी येतं, शंख मागून." बद्रुद्दीननी आवाज खाली घेतला. "आमच्या घरात अमिनाबी बी म्हणती, भाभीला काय तकलीफ हाय का. बीवीवर हात उठवणारा मानूस तुमी न्हाई, आमाला म्हाईत हाय. पण आवाज तर येतो ना."

मास्तर घरी आले ते भिंतीच्या कडेकडेनं. उभ्या जन्मात त्यांनी मंजुळाबाईंशी आवाज चढवून बोलायचं धाडस केलं नव्हतं, आणि आता गल्लीत ते बायको मारणारे ठरत होते. बरं, नाही म्हणावं तर मग किंचाळतं कोण, हे सांगावं लागणार.

खरी आपत्ती मात्र आवाजाची नव्हती. ती रंगाची होती. ओली हळद धुवायची, तिची मुळं तोडायची, शिजली की काढायची, वाळत घालायची. हे सगळं मास्तर स्वतः करत, कारण गडी लावला तर गडी बघणार. थोड्याच दिवसांत त्यांचे हात मनगटापर्यंत पिवळेजर्द झाले. त्यांनी राखेनं घासले, चिंचेनं घासले, दगडानं घासले. हात दुखायला लागले, पिवळे मात्र तसेच राहिले. शाळेत ते शेरवानीच्या खिशात हात घालून उभे राहू लागले. फळ्यावर लिहायचं म्हणजे हात बाहेर काढणं आलं, म्हणून सगळा हिसाब तोंडी चालू झाला. पोरं त्रैराशिकात बुडाली, आणि मोठे मास्तर दारातून बघून म्हणाले, "तातेराव, हात दाखवा."

मास्तरांनी हात दाखवले.

मोठ्या मास्तरांनी बराच वेळ त्या हातांकडं पाहिलं. फाल्गुन तोंडावर आला होता, लग्नसराईचे दिवस. पन्नाशीकडं झुकलेला पुरुष, घरात लेकरू नाही, आणि हात हळदीनं पिवळे.

"मुबारक," मोठे मास्तर गंभीरपणे म्हणाले आणि निघून गेले.

सांजेपर्यंत गावात एकच बोलणं होतं, की मास्तर दुसरी बायको करून राहिले. आणि मग सगळं जिथल्या तिथं बसलं. गोणीभर हळद कशाला? लग्नाला. शंख कशाला? नवसाला. आणि मंजुळाबाईंचं किंचाळणं? ते तर काय, कोणत्याही बाईला समजण्यासारखं होतं.

सखुबाई मंजुळाबाईंना धीर द्यायला आल्या. मंजुळाबाई नुकत्याच मागच्या खोलीतल्या धुरातून बाहेर आल्या होत्या; डोळे लाल, नाक लाल, पदर डोळ्यांना.

"रड बाई, रड," सखुबाई म्हणाल्या. "कोंडून ठेवू नगं."

"मी रडत न्हाई, सखुआक्का. धूर गेला डोळ्यात."

"व्हय व्हय. समद्या बायांच्या डोळ्यात धूरच जातो."

मंजुळाबाईंना हसू आलं. ते दाबायला त्यांनी पदरात तोंड खुपसलं, खांदे हलू लागले, आणि सखुबाईंच्या मनात जी काही शंका उरली होती तीही वाहून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडले होते, आणि शेजारचं जातं गात होतं:

हळद शिजती बाई, बंद दाराच्या आडोशाला
नवरी शोधिली गं, नवऱ्यानं आडगावाला

पिवळे झाले हात, उपरन्यात झाकीयले
मंजुळा सये तुझे, डोळे कोनी पुसियेले

चाल इतकी गोड होती की मास्तरांचेच डोळे भरून आले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की ज्याच्यामुळं आपण रडतोय तो दुष्ट माणूस आपणच आहोत.

"सांगून टाकू का गं?" ते कुजबुजले.

"रामकिशनचं काय?" मंजुळाबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मास्तर भिंतीकडं वळून झोपले, म्हणजे झोपले नाहीत.

आणि मग फुलसिंग आला. भर दुपारी, हातात काठी, आणि मागून काय होतंय ते बघायला निम्मी गल्ली. पुढं सखुबाई आणि चार बाया. नेमकं त्याच घडीला मागच्या खोलीत भांडं चुलीवर होतं आणि गुणगुणायला लागलं होतं.

"मास्तरसाब," फुलसिंग म्हणाला, "ती स्टेशनवाली नळी माझ्या डोक्यातून जाऊन न्हाई राहिली. बंद खोली, धूर, खिडकीला घोंगडं. भट्टी लावली का?"

"हळदीचा वास येऊन राहिला की," मास्तर म्हणाले.

"दारूवाले बी लावतात हळद, वास झाकायला. दार उघडा. काही नसलं तर माफी मागून जातो."

मास्तर मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांना सगळं एकदम दिसलं. दार उघडलं तर भट्टी नाही हे सिद्ध होईल, पण भांडं निम्म्या वसमतेला दिसेल. सनद गेली, रामकिशन गावाकडं परत. दार नाही उघडलं तर आबकारीचा गुन्हा, नोकरी गेली, सरकारी शेरवानी उतरली, तुरुंग. आतलं गुणगुणणं कण्हण्याकडं चाललं होतं. मास्तरांच्या कानशिलांतही वाफ कोंडली होती. शेवटी वजन उचललं गेलं ते मास्तरांचं.

"आत माझ्या लग्नाची हळद शिजून राहिली."

फुलसिंगची काठी खाली आली. त्या मुलखात मानतात, की लग्नाची हळद शिजत असताना तिच्यावर परक्या पुरुषाची सावली पडू नये. पडली तर नवरीच्या संसाराला बाधते. फुलसिंगलाही तीन बहिणी होत्या. तो दोन पावलं मागं सरला.

"पैले बोलायचं ना, मास्तरसाब. माफ करा."

मास्तरांनी श्वास सोडला आणि तो अर्धाच सुटला, कारण सखुबाई पुढं आल्या होत्या. "पुरुषाची सावली चालत न्हाई. आमी तर सवाष्णी हाव. हळद शिजली आन् बायांनी ओवी म्हटली न्हाई, असं कोन्या घरात झालं? सरा, मास्तर. बघू तरी कसली शिजवली."

सखुबाईंचा हात कडीवर गेला. मास्तरांना दिसलं ते असं: तांब्याचं भांडं, तीन पाय, नळी, वजन, सगळं एकेका ओवीत बसून औंढ्याच्या वाटेला लागलं आहे.

तेवढ्यात मंजुळाबाई आतून आल्या आणि दार पाठीशी ओढून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"सवतीची हळद हाय ही, सखुआक्का," त्या म्हणाल्या. "पैल्या बायकोच्या आधी तिला कोनी हात लावायचा न्हाई. तो मान माझा हाय."

सखुबाईंचा हात कडीवरून गळाला. हेही खरं होतं. हा मान मोडायची छाती कुणाची नव्हती. आतून भांडं किंचाळलं. मंजुळाबाई दाराला टेकून तशाच उभ्या राहिल्या, जणू ते किंचाळणं त्यांचंच होतं आणि ते त्यांनी दुसरीकडं ठेवलं होतं. बाया डोळे पुसत पुसत बाहेर पडल्या. बद्रुद्दीन मास्तरांजवळून जाताना म्हणाले, "ऐसी बीवी, मास्तर."

गुपित वाचलं. त्या सांजेला मास्तरांना वाटलं, आता मंजुळा हसेल. मंजुळाबाई भाकरी थापत होत्या.

"चांगलं झालं न्हाई का?" मास्तर म्हणाले.

"झालं की."

"मग बोलत काहून न्हाईस?"

मंजुळाबाईंनी भाकरी उलटली. "पोस्टमनशी बोलताना तुमी चार बार अडखळता. आज येवढ्या लोकांत म्हनले, माझ्या लग्नाची हळद. एक बार बी अडखळले न्हाई."

मास्तरांनी आयुष्यात बरीच भीती पाहिली होती. पोलिसांची, पाटलाची, पुराची, परीक्षा घ्यायला येणाऱ्या साहेबाची. पण तव्यापुढं बसलेल्या या बाईच्या पाठीकडं बघून जी भीती वाटली, तिच्यापुढं बाकीच्या सगळ्या बालवर्गात बसवण्यासारख्या होत्या.

"भ्यालो होतो गं," ते म्हणाले.

"म्हाईत हाय," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि भाकरी त्यांच्या ताटात वाढली. गरम होती, पण मुकी.

पुढचे दिवस मास्तरांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पुसेगावहून एक गृहस्थ आपल्या पुतणीचं स्थळ घेऊन आले. ऐकलं होतं की मास्तर बघून राहिले, नवरी पक्की झाली नसली तर विचार व्हावा. मंजुळाबाईंनी त्यांना चहा दिला, वर साखर विचारली. त्या साखर विचारण्यानं मास्तरांना घाम फुटला. पाहुण्यांना त्यांनी कसंबसं वाटेला लावलं. रस्त्यानं लोक विचारत, "मास्तर, मांडव कवा?" मास्तर आभाळाकडं बोट दाखवून पुढं जात. म्हणजे काय, ते कुणालाच कळत नसे, त्यांनाही नाही.

होळीच्या आधी रामकिशन आला. स्टेशनावरून धावतच आला. वाळवलेली हळद तो मधे एकदा रातोरात येऊन घेऊन गेला होता. तिचा रंग बघून विद्यापीठातली मंडळी खूश झाली होती.

"अर्ज दाखल झाला, अक्का! दाजी, आता दवंडी पिटली तरी चालेल."

मास्तरांनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी खिडकीचं घोंगडं ओढून काढलं, भांडं दोन्ही पिवळ्या हातांनी कवटाळलं, धापा टाकत अंगणात आणलं आणि तिथंच चूल मांडली. बघता बघता जमलेल्या शंभर जणांपुढं अडखळत, घाम पुसत त्यांनी सगळं सांगितलं. सनद, विद्यापीठ, पंपवाल्याचा सासरा, सगळं. फुलसिंगनं नळीला हात लावून पाहिला आणि चटका बसला तेव्हा त्याला खात्री पटली. वजन उचललं, शिट्टी झाली, बाया मागं सरल्या, अमिनाबीनं तोंडावर हात ठेवला आणि बद्रुद्दीन म्हणाले, "म्हणजे भाभी किंचाळतच नव्हत्या."

झाकण उघडलं. वाफेतून शिजलेली हळद बाहेर आली. सखुबाईंनी एक कांडी मोडून पाहिली. आतला रंग केशरासारखा निघाला. पण सखुबाईंच्या मनातली गोष्ट अजून अधांतरीच होती.

"समदं ऐकलं मास्तर. पण नवरी?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आता मात्र ते पुरते अडखळले. न, न, करत राहिले. सगळं अंगण वाट बघत होतं. मंजुळाबाईही बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर, किती दिवसांनी, हसू फुटत होतं. त्या आत गेल्या, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या, भांड्यापुढं वाकल्या आणि त्याच्या तांबड्या कपाळावर बोट टेकवलं.

"ही काय, तुमच्यासमोर हाय," त्या म्हणाल्या. "बुडानं काळी, पोटानं मोठी, आन् तोंड उघडलं की शिट्टी. हिच्यापायी मास्तरांनी रातंदिस मागच्या खोलीत काढले."

सखुबाईंनी दम खाल्ला नाही. तिथंच, उभ्या उभ्या, टाळीच्या ठेक्यावर त्यांनी जोडलं:

तांब्याची सवत आली, मंजुळाच्या अंगनात
जेवते कच्ची हळद, शिट्टी घालिते रानात

बायांनी ओळ उचलली. मास्तर चुलीपाशी बसून हात पुसत राहिले. कुणापासून लपवायचे, हे आता त्यांना आठवत नव्हतं.

विद्यापीठाच्या कागदांत त्या यंत्राला फार लांबलचक नाव मिळालं. ते एका दमात वाचता येत नसे. औंढ्यापासून शिरड शहापूरपर्यंत मात्र हळदवाले माघ लागला की मास्तरांच्या दारात गाडी उभी करत आणि विचारत, "मंजुळाबाई, तुमची सवत मोकळी हाय का? उद्या आमची हळद हाय."

मंजुळाबाई मास्तरांकडं एकदा बघत, आणि म्हणत, "घेऊन जावा. पण सांजेला आनून सोडा. मास्तरांचा जीव हाय तिच्यावर."